दुसऱ्या देवऱ्यांचं पान

५ ऑगस्ट २००५

दादाच्या अस्थी आज रामकुंडात सोडल्या. सकाळी नऊला गेलो, साडेदहाला मोकळे. माणूस तेहतीस वर्षं परदेशात राहिला आणि त्याचं इकडचं काम दीड तासात उरकलं. घरी येऊन काही सुचेना, म्हणून कंपनीनं निरोपाला दिलेली ही डायरी काढली. सात महिने कोरी पडली होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ भिकन. आमच्या गावच्या, देवळ्याच्या शाळेतून निघून डॉक्टर झाला, बहात्तर साली इंग्लंडला गेला, तिथल्याच मेगन नावाच्या नर्सशी लग्न केलं आणि या जूनमध्ये तिथेच वारला. अस्थी घेऊन त्याचा एकुलता एक मुलगा आलाय, स्वराज. बावीस वर्षांचा, सव्वासहा फूट उंच. सिडकोतल्या आमच्या घरात शिरताना दरवेळी मान वाकवतो. फुटबॉल खेळणं हीच त्याची नोकरी. मी विचारलं, किती गोल केलेस? म्हणाला, पाच वर्षांत दोन. मला वाटलं, मग पगार कशाचा देतात? तर तो डिफेन्डर आहे. त्याचं काम गोल करायचं नाही, होऊ द्यायचा नाही. हे मात्र मला लगेच पटलं. मी तरुणपणी कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचो. टाळ्या चढाई करणाऱ्याला आणि गुडघे फुटायचे आमचे.

मी इंग्लंड म्हटलं की तो हळूच म्हणतो, ‘वेल्स, काका.’ ते त्याच्या आईचं गाव की देश की काय, मला फरक कळत नाही. वेल्सच्या संघाकडून तो दोन मैत्रीचे सामने खेळलाय. मराठी बोलतो, पण ती दादानं बहात्तर साली बरोबर नेलेली मराठी. ‘लय ऊन हाय, काका.’ दूधवाल्यानं कसं काय विचारलं तर अहिराणीत ‘बरं शे’ म्हणाला. आमची प्रतिभा कॉलेजात जाते, तिला हसू आवरेना.

आता खरं लिहायचं ते लिहितो, कारण हे कोणाला सांगण्यासारखं नाही. आमच्याकडे रामकुंडावर कोणी क्रियाकर्माला गेलं की उपाध्ये त्या घराण्याचं पान वहीतून काढतात. आधी कोण आलं, कोणासाठी आलं, सगळं त्यात असतं आणि नवा आलेला खाली आपलं नाव लिहितो. आज गर्दी होती. उपाध्यांनी ‘देवळ्याचे देवरे, पुंजाजी’ एवढं ऐकलं आणि पान उघडून आमच्यापुढे सरकवलं. पान आमचं नव्हतं. ते कोणा पुंजाजी सयाजी देवऱ्यांचं होतं. आमचे बापू पुंजाजी लक्ष्मण.

त्या पानावर १९३८ सालची झोकदार सही होती. बापूंनी जन्मात सही केली नाही, अंगठाच. मी बोलणार तेवढ्यात स्वराजनं त्या सहीवर बोट ठेवून विचारलं, ही आजोबांची का? बापाच्या अस्थी सोडताना न रडलेला मुलगा, त्याचे डोळे भरले होते. मी हो म्हटलं. मग खालच्या दोन ओळी दाखवून म्हणाला, काय लिहिलंय? त्या कोणाच्या तरी श्राद्धाच्या नोंदी होत्या. मी म्हटलं, ‘आमच्या कुळातला कुठेही गेला तरी त्यानं परत यावं.’ हे कुठून आलं मला माहीत नाही. तोंडातून निघून गेलं.

खरं पान काढायला लावलं असतं तर काय दिसलं असतं? एकोणऐंशी साली बापू गेले तेव्हाची माझी एकट्याची सही. थोरला मुलगा असून दादा आला नाही. त्याचं पत्र आलं की कागदपत्रं तिकडच्या सरकारात अडकली आहेत, आत्ता निघालो तर परत घेणार नाहीत. मी त्यावर कधी विश्वास ठेवला नाही. पण आजच्या दिवशी हे त्याच्या मुलाला कशाला दाखवायचं?

स्वराजनं त्या पानावर इंग्रजीत आपलं नाव लिहिलं. दुसऱ्या देवऱ्यांच्या घराण्यात आता वेल्सचा एक माणूस जमा झाला.

२० नोव्हेंबर २००५

स्वराजचा फोन आला. भारताकडून खेळणार म्हणतो. वेल्सच्या मोठ्या संघात पुढल्या वर्षी त्याची जागा पक्की होती म्हणे, ती सोडून. आजवरचे सामने मैत्रीचे असल्यामुळे संघ बदलायला आडकाठी नाही. फक्त इथला नागरिक व्हायला हवं आणि तिकडचं नागरिकत्व सोडायला हवं. आपल्याकडे दोन्ही ठेवता येत नाही.

प्रतिभाच्या ईमेलवर त्यानं तिकडच्या पेपरचं कात्रण पाठवलंय. तिनं वाचून दाखवलं. त्यात माझं वाक्य होतं, मथळ्यातच. आजोबांनी १९३८ साली नदीकाठच्या वहीत लिहून ठेवलंय की कुळातला कुठेही गेला तरी त्यानं परत यावं, म्हणून मी जातोय. फोन करून सांगावं असं दोनदा मनात आलं. पण आता छापून आलंय. आणि वाक्य खोटं असलं तरी वाईट नाही. बापूंना लिहिता येत असतं तर त्यांनी असंच काहीतरी लिहिलं असतं.

बायको, मालन, भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, ‘त्याच्या आईला इचारलं का त्यानं?’ मी म्हटलं, एवढा मोठा घोडा झालाय, त्याचं तो बघेल. खरं सांगायचं तर मी खूश आहे. देवळ्याची शेती, आई-बापूंची आजारपणं, सगळं मी एकट्यानं ओढलं आणि दादाचं नाव निघालं की आईचे डोळे चमकायचे. आता त्याचा मुलगा माझ्या दारात राहायला येतोय.

२ जानेवारी २००६

स्वराज आला. दोन बॅगा, त्यातली एक नुसत्या बुटांची. पोलिसांकडे परदेशी नागरिक म्हणून नोंद करून घेतली, मग कलेक्टर कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी नीट समजावून सांगितलं. वडील भारताचे नागरिक होते, त्यामुळे अर्ज करता येईल. पण अर्जाआधी सलग एक वर्ष भारतात राहिलं पाहिजे. मधे देश सोडला तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून.

स्वराजनं विचारलं, चार दिवसांसाठी गेलं तरी? साहेब म्हणाले, नियम आहे. मी म्हटलं, कशाला जातोय तो, हे त्याचंच घर आहे. येताना त्यानं रिक्षातून सगळा त्र्यंबक रोड न बोलता पाहिला. नवं गाव पाहायला आवडत असणार.

१९ फेब्रुवारी २००६

एक गंमतच झाली. मुंबईच्या क्लबानं त्याला घेतलं असतं, पण त्यांच्याकडे परदेशी खेळाडूंच्या जागा भरल्यात आणि कागदावर हा अजून परदेशी. म्हणजे भारतीय होईपर्यंत भारतात खेळता येणार नाही. रविवारी देवळालीला जवानांबरोबर खेळतो, बाकी दिवस गोल्फ क्लबच्या मैदानावर धावतो. जवान चांगले आहेत, पण त्याच्या डोक्यावरून कोणाचाच चेंडू जात नाही, त्यामुळे खेळात मजा येत नाही म्हणतो.

आमच्या गल्लीच्या मंडळानं शाल-नारळ देऊन सत्कार केला. अध्यक्षांनी ते वाक्य माइकवर दोनदा म्हटलं. इकडच्या पेपरातही आलंय. मी कात्रणाच्या झेरॉक्स काढल्यात, एक किराणा दुकानदारानं काउंटरवर चिकटवलीय.

त्याला एकटं वाटू नये म्हणून मी सगळीकडे बरोबर जातो. सकाळी मैदानावर बाकावर बसतो, पाणी देतो. काल म्हणाला, ‘काका, तुमी घरी थांबा ना. लय थंडी हाय.’ माझी काळजी करतो पोरगा.

१८ जून २००६

दादाला जाऊन आज वर्ष झालं. इथे तिथीप्रमाणे आधीच केलं होतं, पण तिकडे तारखेनं चर्चमध्ये प्रार्थना होती. मेगनवहिनींनी महिन्यापूर्वी विचारलं होतं, येशील का? साडेपाच महिने झालेत, आता गेला तर सगळे पाण्यात. मी समजावलं. तो म्हणाला, माहिताय. दुपारी फोन आला. बराच वेळ त्यांच्या भाषेत बोलत होता. इंग्रजीही नव्हती ती, वेगळीच काहीतरी. ही भाषा त्याला येते हे मला आजच कळलं. प्रतिभाला विचारलं, तिलाही समजली नाही.

टीव्हीवर वर्ल्ड कप चालू आहे. शेजारचे सगळे आमच्याकडे येऊन बसतात आणि स्वराजला विचारतात, तुमचा देश कुठल्या गटात? नाय, तो नाय यात, म्हणतो. भारतही नाही. मी म्हटलं, पुढच्या वेळी तू नेशील. तो हसला. थोडा सुटलाय तो, पोटावर दिसतं. मालनच्या हातचं खाणं मानवलंय.

११ ऑगस्ट २००६

प्रतिभा त्याला मराठी वाचायला शिकवते. आधी दुकानांच्या पाट्या, मग पेपरचे मथळे, आता माझ्यापेक्षा भराभर वाचतो. मला कौतुक वाटत होतं. आज दुपारी घरी आला तो पायाला चिखल. विचारलं कुठे होतास, तर म्हणाला, रामकुंडावर.

मी लगेच विचारलं, कशाला गेला होतास? म्हणाला, सहज. उपाध्ये भेटले का? ‘गर्दी व्हती,’ एवढंच म्हणाला आणि न्हाणीघरात पाय धुवायला गेला. श्रावणातला शुक्रवार, गर्दी असणारच. उपाध्यांना वही काढायला सवड कुठली! तरी मला संध्याकाळपर्यंत चैन नव्हतं. जेवताना त्यानं मालनला विचारलं, आजोबांना लिहिता येत होतं का? मालनला बिचारीला काय ठाऊक. म्हणाली, ‘कशाचं लिव्हणं! सोसायटीच्या कागदावं बी अंगठाच उठवायचे मामंजी.’ मी मधेच वरण मागितलं. विषय बदलला. त्याच्या काही लक्षात आलं नसावं, नेहमीसारखा जेवला, दोन भाकऱ्या.

२४ सप्टेंबर २००६

हल्ली तो माझ्याशी जास्त गोड वागतो. मैदानावर येऊ नका म्हणायचा, आता स्वतः बोलावतो. गेल्या आठवड्यात म्हणाला देवळ्याला जाऊ. मळा दाखवला, शाळा दाखवली. शेताच्या कडेला बापूंना अग्नी दिला ती जागा विचारली. अग्नी कोणी दिला? मी म्हटलं, मीच. दादाला यायला जमलं नव्हतं, काम होतं. तो कांद्याच्या वाफ्याकडे पाहत होता. म्हणाला, ‘एकट्याला लय जड गेलं आसंल, काका.’

सत्तावीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. आईनंसुद्धा नाही. मी धुळीचं निमित्त करून डोळे पुसले. हे त्याला कसं सुचलं कोण जाणे, जात्याच समजूतदार आहे.

परतताना गाडीत म्हणालो, वेल्सची आठवण येते का? पहिल्यांदाच मी वेल्स म्हटलं. म्हणाला, आता साडेतीनच महिने राहिलेत. प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, पण मी पुन्हा विचारलं नाही.

३ जानेवारी २००७

अर्ज दिला. वर्ष पूर्ण! कचेरीच्या पायऱ्यांवर मी पेढे वाटले. साहेब म्हणाले, आता फाइल मुंबईला, मग दिल्लीला. किती दिवस? सांगता येत नाही. तोवर देश सोडू नका, चौकशीला बोलावलं आणि हजर नसलात तर फाइल परत येते.

स्वराजनं एक पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला. त्याला गोड फारसं आवडत नाही.

२१ ऑगस्ट २००७

साडेसात महिन्यांनी का होईना, प्रमाणपत्र आलं. स्वराज भिकन देवरे, भारतीय नागरिक. मालननं ओवाळलं. मी दादाच्या फोटोपुढे कागद ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, बघ, आणला परत. मला खरंच वाटलं की दादावर मी मात केली. असं वाटायला नको होतं, पण वाटलं ते लिहितो.

तिकडचा पासपोर्ट आता परत पाठवायचा होता. लिफाफा, फॉर्म सगळं प्रतिभानं तयार केलं. स्वराज गोंदाची बाटली घेऊन टेबलाशी बसला. मी दोनदा आत-बाहेर केलं तरी लिफाफा उघडाच. पासपोर्टातला अठराव्या वर्षाचा फोटो बघत होता. शेवटी मी म्हटलं, आण, मी चिकटवतो, पोस्ट पाचला बंद होतं. त्यानं लिफाफा पुढे सरकवला. पोस्टात मीच टाकून आलो.

३० सप्टेंबर २००७

परवा भारताचा सामना झाला, गोव्याला. मैत्रीचा, पण टीव्हीवर दाखवला. गल्लीतली चाळीस माणसं आमच्या दोन खोल्यांत. राष्ट्रगीताला राखीव खेळाडूंची रांग दाखवली आणि त्यात हा, सगळ्यांपेक्षा उंच. त्याचे ओठ हलत होते. प्रतिभानंच पाठ करून घेतलं होतं. मी उभा राहून रडलो, लाज वाटली नाही.

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला त्याला उतरवलं. बारा मिनिटं. एक चेंडू डोक्यानं बाहेर काढला, एकदा पाय घालून एकाला अडवलं. धाप लागलेली दिसत होती. किराणावाले म्हणाले, ‘पोरगं थोडं जड झालंय का हो?’ मी त्यांच्याशी बोललो नाही.

परत आल्यावर म्हणाला, प्रशिक्षकांनी सांगितलंय की पाय मंदावलेत, दोन वर्षं खरा खेळ नाही. पुढच्या शिबिराला बोलावतील किंवा नाही. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी काही बोलू शकलो असतो.

२८ ऑक्टोबर २००७

मेगनवहिनींचा रविवारचा फोन. आज स्वराज ऐकत राहिला आणि ठेवल्यावर भिंतीला टेकून खाली बसला. वहिनींच्या पोटात गाठ निघालीय, वाईट आहे. ऑपरेशन वीस नोव्हेंबरला. नर्स होत्या, त्यामुळे स्वतःबद्दल बोलतानाही दुसऱ्या पेशंटबद्दल बोलावं तसं बोलल्या म्हणे. ये असं म्हणाल्या नाहीत. फक्त तारीख सांगितली.

मी म्हटलं, उद्याच तिकीट काढू. तो म्हणाला, ‘काका, आता मला व्हिसा लागंल.’

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलाला आईच्या घरी जायला व्हिसा!

४ नोव्हेंबर २००७

आज फॉर्म भरला. टेबलाशी आम्ही तिघं, मालन दारात. प्रतिभा एकेक रकाना वाचत होती. भेटीचं कारण? आई आजारी. कोणाकडे उतरणार? आई. यापूर्वी त्या देशात राहिला आहात का? स्वराज म्हणाला, लिही, बावीस वर्षं. प्रतिभाला लिहवेना.

मग व्हिसाच्या एजंटनं सांगितलेली शेवटची गोष्ट. मुदत संपली की अर्जदार नक्की परत येईल, अशा खात्रीचं इथल्या नातेवाइकाचं पत्र. एकटा तरुण माणूस, नोकरी पक्की नाही, शेतजमीन नावावर नाही, असे लोक तिकडे जाऊन राहून जातात असा त्यांना संशय असतो. मी मराठीत सांगत गेलो, प्रतिभानं इंग्रजी केलं. माझा पुतण्या आहे, त्याचं घर नाशिकला आहे, तो मुदतीत परत येईल, मी हमी देतो. सही करायला पेन उचललं. माझ्या शब्दांना हा मुलगा किती जपतो ते मला माहीत होतं. मी पेन ठेवलं.

म्हटलं, स्वराज, रामकुंडावरचं ते पान आपलं नव्हतं. आणि ते वाक्य कोणीच लिहिलेलं नाही, मीच बोललो.

‘माहिताय,’ तो म्हणाला. ‘गेल्या साली श्रावणात बघितलं. उपाध्यांनी मग आपलं पान बी काढून दिलं. तुमची एकट्याची सही हाय.’

सव्वा वर्ष हा माझ्याबरोबर जेवत होता, मैदानावर माझ्या हातून पाणी घेत होता. मी विचारलं, मग थांबलास कशाला?

‘तोवर तिकडं सगळ्यांला सांगून झालं व्हतं. काय तोंड घेऊन जाऊ?’ त्यानं फॉर्मची पानं एकावर एक लावली. ‘आन् बाबा आले नव्हते ना, काका. तुमच्यासाठी कुणीतरी यायला पायजे व्हतं. पण आता आईकडं मला जायला पायजे. बाबांसारखं नाय करायचं मला.’

मालन पदर तोंडाला लावून आत गेली. मी मनाचा मोठेपणा दाखवायला निघालो. म्हटलं, हे पत्र त्या कचेरीपुरतं आहे. तू जा आणि परत येऊ नकोस. आईजवळ राहा, तुझ्या वेल्सकडून खेळ. माझी काही हरकत नाही.

तो हसला, वाईट नाही, लहान मुलाला समजवावं तसा. ‘तुमी सोडलं तरी तिकडं ठिऊन घेणार नायत, काका. सहा महिन्यांचा पाव्हना हाय मी. आन् व्हिसा मिळायच्या आत निघता बी येत नाय.’

कागदपत्रं सरकारात अडकली आहेत, आत्ता निघालो तर परत घेणार नाहीत. दादानं दुसरं काय लिहिलं होतं? तो माणूस खरं सांगत होता. तिकडे कुठल्या तरी खोलीत तो असाच भिंतीला टेकून बसला असेल, आणि इकडे मी आईला पत्र वाचून दाखवताना म्हणालो होतो की त्याला यायचंच नाही. अठ्ठावीस वर्षं मी त्याला शिक्षा दिली आणि ती त्याच्या मुलाकडून भोगून घेतली. सही केली तेव्हा अक्षर इतकं वाकडं आलं की प्रतिभा म्हणाली, बाबा, पुन्हा करा.

२० नोव्हेंबर २००७

व्हिसा आलेला नाही. आज ऑपरेशन. स्वराज सकाळी मैदानावर गेला नाही, जेवला नाही. फोनजवळ खुर्ची घेऊन बसला. मी पलीकडच्या खुर्चीत. तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यामुळे दुपार संपता संपेना. सातच्या बातम्यांच्या वेळी वहिनींच्या शेजारणीचा फोन आला. ऑपरेशन झालं, जीव वाचलाय, पुढचं पुढे. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, स्वराज बाहेर आहे का?

त्यानं मला हे सांगितलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. या घरात तो आल्यापासून पहिल्यांदाच दार लावलं.

३० नोव्हेंबर २००७

सव्वीसला व्हिसा आला, अठ्ठावीसला मुंबईहून गेला. एकच बॅग नेली. बुटांची इथेच आहे. आज दुपारी फोन आला.

लंडनच्या विमानतळावर दोन रांगा असतात म्हणे, एक तिकडच्या लोकांची, एक बाहेरच्यांची. हा लहानपणापासूनच्या सवयीनं तिकडच्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. अर्धा तास. काउंटरवर पासपोर्ट पाहून बाईनं त्याला मागे पाठवलं, बाहेरच्यांच्या रांगेच्या शेवटी. तिथे पुन्हा दीड तास. हे त्यानं हसत सांगितलं. अधिकाऱ्यानं विचारलं, कुठे राहणार? त्यानं जन्मला त्या घराचा पत्ता सांगितला. परत कधी जाणार? तर त्यानं माझं पत्र काढून दाखवलं. मग शिक्का मिळाला. या सगळ्यात हॉस्पिटलची भेटायची वेळ संपली, आई दुसऱ्या दिवशी सकाळी भेटली.

कशा आहेत विचारलं. म्हणाला, ‘झोपली हाय. हात धरून बसलोय.’ मागे कुणी तरी त्यांच्या त्या भाषेत काही बोललं, त्यानं उत्तर दिलं आणि पुन्हा माझ्याकडे वळला.

‘मे महिन्यात येतो, काका,’ म्हणाला. ‘सत्तावीस तारखेच्या आत. व्हिसा तेवढाच हाय.’

मी बरं म्हटलं.